वाटसरूची डहाळी

ऊर्जानगर,
७ जानेवारी २०२५

प्रिय दिव्यानी,

तुला फोन करायचा तर तू तळ्याच्या बांधावर, पाळीवर यायला हवंस, कारण गावात टॉवर नाही. आणि तू पाळीवर आलीस की मागून मामी येते, फोन हातातून घेते, आणि "जेवला का बाबू" याच्या पुढे गाडी जात नाही. म्हणून हे पत्र. शिवाय तू आता गावची सरपंच. सरपंचाला लेखी कळवलेलं बरं.

पहिल्यांदा आभार. तळ्यावर तंबू लावायला ग्रामसभेची परवानगी तुझ्यामुळे मिळाली, आणि परवानगी मिळालेलं पहिलं कुटुंब आमचं. तू "हसून हसून पोट दुखते भाऊ" म्हणालीस तो निळा तंबू आता घडी होईना, म्हणून गॅलरीत तसाच उभा आहे. पायल त्यात बसून अभ्यास करते.

पण दिव्यानी, सांगू का, सिनेमातलं सगळंच खोटं नसतं. मी तुला नेहमी म्हणतो ना, सिनेमात घरातल्या माणसांचं जमत नसलं की त्यांना जंगलात नेतात. शेकोटी पेटते, कुणीतरी जुनी गोष्ट काढतं, आणि सकाळी सगळे एकाच ताटात जेवतात. तू हसतेस. पण गेलं वर्षभर आमच्या क्वार्टरमध्ये तीन माणसं आणि तीन मोबाईल असा संसार चालला होता. त्या रात्री पायलनं मोबाईल आपणहून बाजूला ठेवला. उर्वशी किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. माझ्या शिफ्टमधला निकेश आणि त्याची बायको तर परतताना म्हणाले, दरवर्षी येऊ.

तू सांगितलेल्या जागी, गावाकडच्या टोकाला, आम्ही तंबू लावला नाही. तिथून सूर्य झाडाआड जातो. म्हणून पाळीच्या पार पलीकडच्या टोकाला गेलो. फोटो असे आलेत की बस. शेकोटी तर काडी लावायचा अवकाश, भडकलीच.

आणि गोष्ट कुणाची सांगितली? मामाची. तळ्यावरच्या सरकारी पाटीवर 'मा. मा. तलाव' लिहिलेलं असायचं. माजी मालगुजारी तलाव. मी लहानपणी ते वाचून समजलो की तलाव माझ्या मामाचा आहे, आणि शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो. मामानं कधी खोडून काढलं नाही. उलट "होय, माहाच आहे, तुले त्यातला अर्धा देतो" म्हणाला. पायल इतकी हसली की तिला उचकी लागली.

मोहफुलं वेचताना वाघानं मामाला नेलं त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हा वीजकेंद्रात प्लांटवर शटडाऊनचं काम होतं, तेरवीला मला येता आलं नाही. त्या रात्री मामाबद्दल बोलताना वाटलं, थोडी भरपाई झाली. मामीला नमस्कार.

तुझा,
प्रवीणभाऊ

•

१४ जानेवारी २०२५

प्रिय भाऊ,

पाकिटात तिळगूळ घातला आहे. पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल, तरी गोड मानून घे. तंबू घडी होत नसेल तर पायलला त्यातच राहू दे, क्वार्टरचं भाडं वाचेल.

आता थट्टा पुरे. एक वाईट गोष्ट लिहायची आहे.

बाबांचा ढीग कुणीतरी जाळला.

तू गावात होतास तोवर वाघानं कुणाला मारलं नव्हतं, तुला ढीग म्हणजे काय ते ठाऊक नसेल. बाबा गेल्यावर या तंबूआधी तू आलाच नाहीस, म्हणून सांगते. आपल्याकडे जंगलात ज्या जागी वाघानं माणूस मारला, त्या जागी वाटेनं जाणारा प्रत्येक जण एक डहाळी टाकून पुढे जातो. मोळीवाला टाकतो, गुराखी टाकतो, परगावचा पाहुणासुद्धा टाकतो. डहाळी टाकली की त्या वाटेनं सुखरूप जाता येतं, असं मानतात. घरची माणसं मात्र टाकत नाहीत. घरच्यांचं दुःख घरात असतं, ते वाटेवर टाकायचं नसतं. आईनं या दोन वर्षांत एकही डहाळी टाकली नाही. ती फक्त जाते, खालच्या दगडाला कुंकू लावते, आणि ढीग किती वाढला ते बघून येते. वाढला असला की त्या दिवशी नीट जेवते.

बाबांचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथून जंगलाची वाट सुरू होते, तिथे. आता तिथं दगड तेवढा आहे.

गाव सुकलूकाकाचं नाव घेतंय. बाबांचं आणि त्याचं तळ्यातल्या जाळ्यांच्या हद्दीवरून भांडण होतं, आठवतं ना? तळ्यावर तंबू येऊ द्यायला ग्रामसभेत एकटा तोच नाही म्हणाला होता. लोक म्हणतात, तंबूवाल्यांवर आळ यावा म्हणून त्यानंच जाळलं.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. तिथं कुणी ना कुणी विचारेल, की सरपंचाच्या भावानं शेकोटीला लाकडं कुठून घेतली? मला सांगून ठेव.

तुझी,
दिव्यानी

•

ऊर्जानगर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय दिव्यानी,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. अशी माणसं असतात तरी कशी? मामासारख्या देवमाणसाच्या बाबतीत असं करणाऱ्याचे हात कसे धजावले, कळत नाही. मामीची तब्येत कशी आहे? तिला सांग, असल्या लोकांकडे लक्ष देऊ नको.

लाकडांचं विचारलंस. लाकडं आम्ही इथूनच गाडीच्या डिक्कीत घालून आणली होती. कॉलनीत झाडं छाटली होती, त्यातली वाळलेली. शहरातून येताना सगळी तयारी करूनच निघावं, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे.

सुकलूकाकाबद्दल मी काय बोलू? मी बाहेरचा. पण सिनेमातसुद्धा बघ, ज्याच्यावर पहिल्यापासून संशय असतो तो बहुतेक निर्दोष निघतो. तेव्हा घाईनं काही ठरवू नका, इतकंच. आणि गुन्हेगार सापडला नाही तरी काय? डहाळ्याच त्या, पुन्हा जमतील.

तिळगुळाचा भुगा पायलनं दुधात घालून खाल्ला.

प्रवीणभाऊ

•

२९ जानेवारी २०२५

प्रिय भाऊ,

ग्रामसभा झाली. झेंडावंदन, मुलांची भाषणं, मग सभा. नळयोजनेवर तासभर भांडण, घरकुलाच्या यादीवर त्याहून जास्त, आणि मग मनकर्णाबाई उठून म्हणाली, "मनसारामच्या ढिगाचं काय झालं थे सांगा."

मी तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माझा भाऊ म्हणतो की लाकडं त्यांनी घरून आणली होती. 'भाऊ म्हणतो' असं म्हणाले. 'खरं आहे' असं म्हणाले नाही. सरपंच झाल्यावर एवढी हुशारी येते माणसाला.

मग सगळ्यांच्या माना सुकलूकाकाकडे वळल्या. तो मागे, शाळेच्या खांबाला टेकून बसला होता. त्याला उभं केलं. तो म्हणाला, "मी मनसारामसंग भांडलो थे तो जित्ता होता तवा. मेलेल्यासंग कोन भांडते गा?" बस, इतकंच म्हणाला आणि खाली बसला. कुणीतरी ओरडलं, "चोराच्या उलट्या बोंबा!"

होळीच्या आधी तळ्याचं पाणी उतरलं की सगळं गाव मिळून जाळी टाकतं. ठराव झाला, की सुकलू कबूल करत नाही तोवर त्याचं जाळं तळ्यात पडणार नाही. हात वर करा म्हटलं. पटापट वर झाले. माझा हात वर नव्हता, पण तो ठराव मी सरपंच म्हणून मोठ्यानं वाचला आणि खाली सही केली.

मासे धरून जगणाऱ्या ढिवराला तळं बंद म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. तूही आमच्याच घरचा भाचा.

काल सकाळी काका पाळीवर बसून जाळं विणत होता. तळ्यात उतरायची बंदी आहे, विणायची नाही. मी दुसऱ्या वाटेनं गेले.

दिव्यानी

•

ऊर्जानगर,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिव्यानी,

सरपंचाला असे कटू निर्णय घ्यावेच लागतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. खरं काय ते उशिरा का होईना, आपोआप बाहेर येतं. सिनेमात नाही का, मध्यंतरापर्यंत सगळं उलटं चाललेलं असतं.

मी एक विचार केला आहे. डहाळ्यांचं काय, आज आहेत उद्या नाहीत. त्या जागी पक्का ओटा बांधू. वर काळी फरशी, तिच्यावर मामाचं नाव, जन्म, मृत्यू, आणि हवं तर वाघाचं चित्र. इथं फरशीवर अक्षरं कोरून देणारा माझ्या ओळखीचा आहे. सगळं मी करतो, गावानं फक्त जागा द्यायची. कायमचं काम होईल. कुणी जाळू म्हटलं तरी जळणार नाही. ओट्याच्या उद्घाटनाला सुकलूकाकाला बोलावलं की तेही प्रकरण मिटेल. सगळ्यांसमोर दोघांनी हात मिळवले की झालं.

मामीला विचारून कळव. मला वाटतं तिला आवडेल.

निकेश परत तंबूचं विचारत होता. मी त्याला म्हटलं, यंदा नको.

प्रवीणभाऊ

•

११ फेब्रुवारी २०२५

प्रवीणभाऊ,

फरशीचं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. मलाच दोनदा वाचवलं नाही.

तू येणार त्या दिवशी दुपारी मी गावाकडच्या टोकाला, चिंचेखाली, तुमच्यासाठी लाकडाची मोळी ठेवली होती. पळसाच्या मुळ्यांच्या दोरीनं बांधून. पायलला थंडी वाजेल म्हणून. सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा मोळी तिथंच होती, गाठही सुटलेली नव्हती. तुम्ही पलीकडच्या टोकाला होतात. निकेशभाऊच्या गाडीची डिक्की आदल्या दिवशी मीच उघडली होती, तंबू, गाद्या आणि त्याची खुर्ची, त्यात सुई ठेवायला जागा नव्हती. शेकोटीत राख होती ढीगभर. आणि वाटेनं थोडं पुढे बाबांचा दगड उघडा पडला होता.

मला त्याच सकाळी कळलं, भाऊ. तू मला पायलचे फोटो दाखवत होतास आणि मी हसत होते.

म्हटलं, तू नकळत केलंस. कळलं की सांगशील. म्हणून मी संक्रांतीला लिहिलं, ढीग म्हणजे काय ते सगळं समजावून लिहिलं, आणि मुद्दाम विचारलं. तू डिक्की लिहिलीस. वर मामाला देवमाणूस लिहिलंस.

तुझी लाज मला वाटते, पण ती अर्धी. उरलेली माझी मला वाटते. तू खोटं लिहिलंस, पण सभेत ते मी बोलले. सुकलूकाकानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी हजेरीवर सह्या मोजायचं सोंग केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प राहिले. पण ते दात सुकलूकाकाला लागले. मला गावानं सरपंच केलं ते मनसारामची पोरगी म्हणून. बाबा असते तर त्यांनी मला त्या खुर्चीवरून खाली ओढलं असतं.

आई रोज जाते. दगडाला कुंकू लावते. पाच-सहा ओल्या डहाळ्या पडल्यात नव्या. घरी येऊन म्हणते, "पोरी, लोकायनं टाकनं सोडलं नाई." आणि अर्धी भाकर ठेवून उठते.

आता मला सिनेमा सांगू नकोस.

दिव्यानी

•

ऊर्जानगर,
१७ फेब्रुवारी २०२५

दिव्यानी,

तुझ्या पत्रानंतर मी मेल्याहून मेल्यासारखा झालो आहे. खोटं पुरे झालं, जे झालं ते लिहितो.

सूर्य बुडाला तशी थंडी वाढली. निकेश काटक्या गोळा करत होता, पण त्या पेटेनात. उर्वशी म्हणाली, नेहमीसारखंच आहे तुझं, तंबू आणला आणि काडीपेटी विसरला. काडीपेटी होती, लाकूड नव्हतं. पायल पुन्हा मोबाईल काढायच्या बेतात होती. मी टॉर्च घेऊन वाटेनं गेलो तर समोर वाळक्या फांद्यांचा ढीग. मला वाटलं, कुणी तरी कुंपणासाठी रचून ठेवला असेल. आम्ही दोघांनी चार खेपांत सगळा ओढून आणला. सगळ्यात वर एक ताजी डहाळी होती, हिरव्या पानांची. ओली म्हणून पेटणार नाही, म्हणून मी ती बाजूला फेकली.

इथपर्यंत नकळत. पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

शेवटच्या खेपेला खाली दगड दिसला. त्याला कुंकू होतं. मी टॉर्च धरून उभा राहिलो. मी त्याच गावच्या पाण्यावर वाढलो, रानात कुंकू लावलेला दगड म्हणजे कुणाचं तरी काहीतरी असतं, एवढं मला कळतं. ढीग मामाचा आहे हे नव्हतं माहीत, आई शप्पथ. पण कुणाचा तरी आहे, हे कळलं होतं. मागून पायल ओरडली, "बाबा, लवकर!" किती महिन्यांनी तिनं मला असं बोलावलं होतं. मी टॉर्च बंद केला आणि उरलेल्या फांद्या उचलल्या.

आणि मग त्या आगीपाशी बसून मी मामाच्या गोष्टी सांगितल्या. हात शेकत शेकत. मामाच्याच ढिगावर.

तुझं संक्रांतीचं पत्र आलं तेव्हा मी ड्युटीवरून येऊन जेवत होतो. उर्वशीनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तिळगूळ पाठवलाय. तिला अजून सांगितलेलं नाही. आमच्या कॉलनीत खिडकीच्या चौकटीवर रोज प्लांटची राख बसते, रोज पुसतो. राखेचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आता फडकं हातात घेतलं की उर्वशीकडे द्यावंसं वाटतं.

फरशीचं लिहिलं त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. मामीच्या तोंडावर दगड मारून त्यावर वाघाचं चित्र काढणार होतो.

हे पत्र तू सभेत वाच. मी परवानगी देतो. सुकलूकाकावरची बंदी उठेल.

प्रवीण

•

२२ फेब्रुवारी २०२५

प्रवीणभाऊ,

वाचणार नाही.

तुझं पहिलं वाक्य मी सभेत बोलले ते पुरे झालं. दुसरं तू स्वतः येऊन बोल. दोन मार्चला, रविवारी, मी खास ग्रामसभा लावली आहे. विषयपत्रिकेत विषय लिहिला आहे: 'दि. २६ जानेवारीच्या ठरावाचा फेरविचार'. त्यात तुझं नाव नाही. तू आलास तर येईल. नाही आलास तर मला जे ठाऊक आहे ते मी सांगेन, आणि त्यासोबत राजीनामा देईन.

आईला काही बोलले नाही. ते तुझं काम.

तुला आठवतं, तू आणि बाबा जत्रेतल्या तंबू टॉकीजला जायचात, सायकलवर डबलसीट? परत आल्यावर तू ओसरीवर उभा राहून सगळे डायलॉग म्हणायचास, खलनायक कसा पायावर पडला ते करून दाखवायचास. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "बाबू, सिनेमातला मानूस तीन घंट्यात सुधरते, कारन पुढचा शो असते." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

सकाळची गाडी मोहर्लीपर्यंत येते. तिथून पुढे ऑटो मिळेल.

दिव्यानी

•

ऊर्जानगर,
६ मार्च २०२५

प्रिय दिव्यानी,

सभेत काय झालं ते तू अध्यक्षाच्या खुर्चीतून पाहिलंस. तरी खालून कसं दिसतं ते लिहितो.

मी भाषण पाठ करून आलो होतो. खोटं कशाला बोलू, बसमध्ये ओठ हलवून म्हणतसुद्धा होतो. मनात होतं की मी उभा राहीन, सगळीकडे शांतता होईल. पण आधी बंद हातपंप निघाला. मग रोजगार हमीचे मस्टर. मग नथ्थूची म्हैस कुणाच्या तरी वाटाण्यात शिरली ते. मी उकिडवा बसून होतो, पायाला मुंग्या आल्या. माझा विषय आला तोवर अर्धी माणसं तंबाखू मळत होती आणि मी भाषण विसरलो होतो. "ढीग मी जाळला. सुकलूकाकानं नाही. दगड पाहिला होता तरी जाळला." एवढंच आलं तोंडातून. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी ओरडलं नाही. मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली.

मी सुकलूकाकाच्या पाया पडायला गेलो तर त्यानं पाय आखडून घेतले. "मले माफी नोको मागू गा. तू तं एकटा होता. त्या दिसी जे हात वर झाले, थे काऊन झाले थे विचार त्याइले." तू तेव्हा खाली बघत होतीस. सगळेच बघत होते. बंदी उठवायला हात वर करा म्हणालीस, तेव्हा ते किती हळू वर आले.

यानंतरचं तू पाहिलं नाहीस, तू सह्या घेत होतीस. ते सांगण्यासाठी हे पत्र.

सगळे उठले तेव्हा मामी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चाल." ती पुढे, मी मागे, पायल माझ्या बोटाला. उर्वशीला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती आली नाही, पण पायलला पाठवलं. म्हणाली, तिनंही हात शेकले होते.

पाळीवरून चालताना मामीनं विचारलं, "त्या दिसी तूनं मामाच्या गोष्टी सांगतल्या म्हने?" मी हो म्हणालो. "कोनती सांगतली?" तलावाची, म्हणालो. ती थोडी हसली. "अर्धा देतो म्हने. एक शिंगाडा नाई देल्ला कोनाले कधी."

दगडापाशी आलो. वीतभर ढीग झाला आहे पुन्हा. मामीनं बाजूच्या ऐनाच्या झाडाची एक डहाळी मोडली. मला वाटलं, देवाला फूल तोडावं तशी मोडली. ती तिनं माझ्या हातात दिली. "टाक बाबू. येनारा-जानारा टाकतेच."

मी टाकली. दिव्यानी, मला रडू फुटलं. छातीवरचा दगड उतरला. वाटलं, माफ केलं मामीनं. स्वतःच्या हातानं डहाळी मोडून दिली, याहून जास्त काय करायचं तिनं? तिनं पायलच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाली, "जा, गाडी चुकंल." बसमध्ये मी इतक्या दिवसांनी डोळे मिटून बसलो. खरं सांगतो, मनात आलंच, की सिनेमा खोटा नव्हता.

चंद्रपूर जवळ आलं तशी पायल म्हणाली, "बाबा, आजीनं तुमच्या हातात दिली, मग तिनं स्वतः का नाही टाकली?"

मी म्हटलं, "अगं, घरची माणसं टाकत नाहीत. फक्त वाटसरू टाकतात."

आणि मी जे बोललो ते मला ऐकू आलं.

तू संक्रांतीलाच लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं, आणि मला फक्त ढीग जाळणारा कोण एवढंच त्यात दिसलं होतं. मामी चिडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं मला वाटसरू म्हणून वागवलं. वाटेनं जाणाऱ्याला सांगतात तसं सांगितलं आणि गाडी चुकेल म्हणाली. जेवून जा म्हणाली नाही, दिव्यानी. आयुष्यात पहिल्यांदा मामी मला जेवला का म्हणाली नाही. पायलला म्हटलं, हवा लागतेय, खिडकी लाव.

मामीला विचारू नकोस, तिनं मुद्दाम केलं का म्हणून. तिनं बरोबर केलं. तेरवीला न येणारा, दोन वर्षं त्या वाटेला न जाणारा, कुंकू पाहून टॉर्च बंद करणारा माणूस घरचा कसा असेल?

मोहफुलं पडायला लागली असतील. मला रविवारी सुटी असते. या रविवारी येतो, पुढच्याही येतो. मामी टोपली घेऊन निघते तेव्हा मागून चालेन. बोलली तर बोलेन. दगडापाशी आलो की वाटसरूसारखी डहाळी मोडेन, कारण आज माझा हक्क तेवढाच आहे. ज्या दिवशी ती माझ्या हातातून डहाळी काढून घेईल आणि म्हणेल, "तू काऊन टाकतं, तू तं घरचा," त्या दिवशी तुला पत्र लिहीन.

तोवर लिहिणार नाही. येत राहीन.

प्रवीण